ओठ लागतो तिथं रंग नाही

१२ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

ही वही जो कोणी वाचत असन त्याले आधीच सांगून ठेवते, तू विसरणार. पहिलं पान उलटलं की माझं नाव विसरशीन, दुसऱ्या पानावर कोण कोणाची सून ते विसरशीन, अन् अर्ध्या वहीत येऊन विचारशीन, ही म्हातारी कोण गा? म्हणून नीट ऐक. मी सुभद्रा. वय सत्तरच्या पुढे. किती पुढे ते माझ्या मायनं लिहून ठेवलं नाही, कारण तिले लिहिता येत नव्हतं. मलेही येत नाही. मी बोलते, माझी सून हर्षा लिहिते.

हर्षा आज शंभर पानी रजिस्टर घेऊन आली अन् म्हणे, "आई, तुम्ही दिवसभर बोलताच. संध्याकाळी चहा झाल्यावर तेच जरा सावकाश बोला, मी लिहून घेते." काहून सुचलं हे तिले, देव जाणे. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर चष्मा शोधणारी बाई, ती माझं बोलणं काय सांभाळणार! (हे पण लिही वं. लिहिलं? वाचून दाखव.)

मी "मले" म्हणते तर ती "मला" लिहीत होती. म्हणलं, तुझी परीक्षा नाही आहे. जसं सांगते तसं उतरव.

तर झालं असं. दिवाळीच्या सफाईत माळ्यावरून ढीग निघाला. दांडी तुटलेली किटली, तीन कंदील, दुधाचा ॲल्युमिनियमचा कॅन, तेलाचे पत्र्याचे डबे, एक पितळी डबा, अन् सरबताच्या, मधाच्या, औषधाच्या काचेच्या बाटल्या, मोजता येणार नाहीत इतक्या. भंगारवाला तराजू घेऊन दारात उभा होता. हर्षानं त्याले वापस पाठवलं. तिनं मोबाईलवर पाहिलं म्हणे, जुन्या पत्र्यावर अन् काचेवर असा रंग देतात की वस्तू ओळखू येत नाही, अन् लोक हौसेनं घेऊन जातात. माझी नात मिनल कॉलेजात आहे. तिनं लगेच फोनवर दुकान उघडलं. दुकानाले ना दार, ना पाटी, ना गल्ला.

सुमंत, माझा लेक, एवढंच म्हणाला, "गच्चीवर करा काय करायचं ते. हॉलमध्ये वास नको."

वही मिटता मिटता हर्षानं विचारलं, "चारूताईबद्दल काही लिहायचं काय?"

म्हणलं, लिही. चारुलता माझी लेक. सुमंतची मोठी बहीण. चांद्याले, म्हणजे चंद्रपूरले राहते, आमच्या नागपूरहून बसनं चार घंट्याचा रस्ता. नऊ वर्षं झाले, माझ्याशी बोलत नाही. झालं, एवढंच. आता कप उचल.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

आज तडे पाडायचे शिकलो. भिंतीले तडा गेला तर लोक मिस्त्री बोलावतात, अन् माझी सून मुद्दाम पाडते.

पत्र्याच्या डब्याले आधी काचकागदानं खरवडलं. मग काळा रंग. तो वाळला की वरून पांढरा गोंद. गोंद अर्धा ओला असतानाच त्यावर फिकट रंगाचा एक हात. एकच. हर्षा तीनदा बजावून राहिली होती, "आई, ब्रश वापस फिरवायचा नाही. एकदा गेला की गेला." मी फिरवला. एक कोपरा सुटला होता, राहवलं नाही. तिथं सगळा चिखल झाला. बाकी डब्यावर मात्र पंधरा मिनिटांत बारीक बारीक तडे उघडले, आटलेल्या तळ्यासारखे, अन् आतलं काळं डोकवायला लागलं.

ऊन जाईपर्यंत मी त्याच्याजवळ बसून होती. मिनल म्हणे, "आजी, पसंत पडलं काय?" म्हणलं, पसंत नाही, पण नजर हटत नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

किटलीचं काय करावं ते हर्षाले सुचत नव्हतं. हिरवा रंग वाळला होता, त्यावर गेरूसारखा लाल ओला होता, अन् ती मोबाईलमध्ये शोधून राहिली होती, यावर रबराची फणी फिरवतात, ती कुठं मिळते. म्हणलं, फणी कायले पाहिजे? चार बोटं आहेत ना! मी बोटं टेकवली अन् सारवतो तसा हात फिरवला. अर्धा गोल, त्याच्या बाजूले अर्धा गोल, एकाच्या पोटात दुसरा. जिथं बोट गेलं तिथं लालच्या खालून हिरवं निघालं. गावी होतो तोवर रोज अंगण सारवलं मी. घरात टाईल आल्यापासून ह्या हाताले काम राहिलं नव्हतं, पण विसरला नव्हता तो.

"आजी, हलू नको!" मिनल ओरडली अन् फोटो काढला.

हर्षा म्हणे, "आई, हे तर त्या व्हिडिओत नाही."

म्हणलं, व्हिडिओवालीच्या मायकडे अंगण नसन.

संध्याकाळी किटली विकली गेली. वरोऱ्याची कोणी बाई आहे म्हणे. घासाघीस केली नाही. फक्त विचारलं, ही बोटं कोणाची? मिनलनं लिहिलं, आमच्या आजीची. तर ती बाई म्हणे, पुढचंही आजीच्याच हातचं पाहिजे. वरोऱ्याले काय आज्या नाहीत?

चारूले सारवायले मीच शिकवलं होतं. सात वर्षांची असन. हात लहान तर तिचे गोलही लहान. माझ्या मोठ्या गोलांच्या ओळीत मधातच तिची एक ओळ यायची, चिमणीच्या पावलांसारखी. येणाऱ्या-जाणाऱ्याले समजायचं, इथवर माय, इथून लेक.

हे सांगायचं नव्हतं. किटलीनं काढलं.

२ डिसेंबर, सोमवार

आज माझ्याशी कोणी बोलून नाही राहिलं. हर्षा लिहिते आहे, पण मान वर करत नाही. (खरं आहे ना वं? उत्तर नाही. लिही, उत्तर नाही.)

वरोऱ्याच्या बाईनं पितळी डबा मागितला होता. पण कसा, तर वर्षानुवर्षं पावसात राहिलेल्या कळसावर चढतो तसा हिरवट काट चढलेला. म्हणजे खोटा काट, रंगाचा. हर्षानं तीन दिवस घातले त्याच्यात. आधी तपकिरी, त्यावर काळपट, मग स्पंजानं टिपून टिपून दोन तऱ्हेचा हिरवा, कडेकडेनं जरासा पांढरा. आज वरून वॉर्निश मारायचं होतं. गच्चीवर दव पडते म्हणून तिनं डबा सैपाकघरात ओट्यावर ठेवला होता.

मी सकाळी पाचले उठते. मोतीबिंदू पिकला आहे, डोळ्यापुढे कायम धुकं. ओट्यावर पाहते तर डबा, अन् त्यावर हा एवढा काट! माय वं, माझ्या घरात! कोणी पाहुणा आला असता तर? चिंच भिजवली. राख आता मिळत नाही, तर रांगोळी घेतली. नारळाची शेंडी घेतली अन् बसली घासायले. सुटता सुटेना. मनात म्हणलं, सुभद्रे, किती वर्षं ह्या डब्याकडे पाहिलं नाहीस तू, लाज वाटू दे. जोर लावला. अर्ध्या घंट्यात असा चमकला की त्यात भांग पाडून घ्यावा.

हर्षा उठून आली. मी मोठ्या तोऱ्यात म्हणलं, "पाहा, कसा केला."

ती जमिनीवरच बसली. रडली की हसली ते समजलं नाही, दोन्ही असन.

"आई, तीन दिवसाचं काम होतं."

"मग काट चढू दिला कायले?"

"चढू दिला नाही आई, चढवला! तिनं तोच मागितला होता!"

आता मले सांगा. जन्मभर पितळ काळं पडलं म्हणून सासूचं बोलणं खाल्लं, अन् ह्या वयात समजते आहे की लोक काट विकत घेतात. माझी सासू वरून पाहत असन तर तिनं आधी माझी माफी मागावी.

४ डिसेंबर, बुधवार

हर्षानं वरोऱ्याच्या बाईले जे झालं ते कळवलं. आज उत्तर आलं. आजींनी घासला आहे तर घासलेलाच पाठवा. वर काही लावू नका, वॉर्निशही नको.

म्हणलं, ही बाई वेडी आहे.

"आहे थोडी," हर्षा म्हणाली, अन् उगाच उठून आत गेली.

१३ डिसेंबर, शुक्रवार

परवा धंतोलीच्या दवाखान्यात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. बाकावर अर्धा विदर्भ बसला होता. माझ्या बाजूले वणीची एक म्हातारी होती, तिची लेक तिच्यासोबत. लेक थर्मासमधून चहा बशीत ओतून फुंकर मारून देत होती, अन् म्हातारी फुर्र करून पीत होती. लेकीच्या घरून आलेला चहा. मी दुसरीकडे तोंड केलं. तसं धड दिसत तर नव्हतंच मले, पण कानांले काय झाकू?

पट्टी काल निघाली. आज गच्चीवर गेली अन् पाहते तर महिनाभर मी निळ्या रंगवलेल्या बाटल्या! एवढं निळं? मोतीबिंदूतून सगळं मळकं, पिवळट दिसायचं, तर मी आपला रंग वाढवत गेली, वाढवत गेली. मोरानं पाहिलं असतं तर त्यानं पिसारा मिटून घेतला असता.

"हर्षा, कोणी बोललं काहून नाही वं?"

"लोकांना तोच आवडतो, आई. 'आजीचा निळा' म्हणूनच मागतात."

घ्या. म्हणजे माझ्या आंधळेपणाचं गिऱ्हाईक तयार झालं, अन् आता मले दिसायले लागलं. आता तो निळा पुन्हा कसा जमायचा?

अन् हर्षाच्या कानामागे केस पांढरे झाले आहेत. कधी झाले? मी इतके दिवस तिच्या तोंडाकडे पाहिलंच नाही वाटते. हे लिहू नको. (लिहिलंच तिनं.)

चारू तिच्याहून चार वर्षांनी मोठी. तिचेही झाले असतीन. ती रंग लावते की तसेच ठेवते, मायले माहीत नाही.

१६ डिसेंबर, सोमवार

वरोऱ्याच्या बाईचा निरोप. आजींच्या डोळ्यात थेंब वेळेवर टाकता ना? त्यांना पत्रा खरवडू देऊ नका, कण उडतो. डोक्यावरून पाणी घेऊ देऊ नका, त्या ऐकणार नाहीत, पण ऐकवा.

म्हणलं, हिले माझा डोळा कोणी सांगतला? हर्षा म्हणे मिनलनं सांगतलं असन. मिनल म्हणे आईनं सांगतलं असन. आजकाल दुकानदार अन् गिऱ्हाईक एकमेकांची दुखणी-खुपणी विचारतात वाटते. बरं आहे. कोणी तरी विचारते.

मी डोक्यावरून पाणी घेणारच होती आज. नाही घेतलं.

२७ डिसेंबर, शुक्रवार

काम अंगावर येऊन पडलं. रामदासपेठेतल्या एका बाईले संक्रांतीच्या हळदीकुंकवात वाण म्हणून वाटायले एकावन्न छोट्या बाटल्या पाहिजे, एकीले एक. हर्षा गांधीबागेतून लेसचे तुकडे घेऊन आली, थानाचे उरलेले. बाटलीले लेस आवळून बांधायची, वरून स्पंजानं पांढरा रंग हलकाच टिपायचा, अन् अर्धवट वाळल्यावर लेस सोडवायची. नक्षी बाटलीवर राहते, लेस आपल्या हातात. मिनल म्हणे मेंदीचा कोन लावल्यासारखं दिसते.

माझे मालक रुपराव दोन वर्षांआधी गेले. (पहिल्या पानावर सांगायचं राहिलं.) तेव्हापासून मले हळदीकुंकवाले कोणी बोलवत नाही. दारावरून जातात, हसतात, पुढच्या घरी बोलावणं देतात. अन् आता रामदासपेठेतल्या एकावन्न सवाष्णी माझ्या हातचं वाण ओटीत घेऊन घरी जातीन. बोलावू नका तुम्ही. मी येऊनच राहिली आहे.

वरोऱ्याच्या बाईचंही काम आलं. पाणी प्यायचे काचेचे सहा ग्लास अन् एक जग. रंग कोणता ते सांगतलं नाही. म्हणे, आजी स्वतःच्या घरी, स्वतः प्यायले ठेवतीन तसे करा.

प्यायच्या भांड्याले हर्षाचा एक नियम आहे. आतून रंग नाही, अन् बाहेरूनही वरची दोन बोटं काच कोरी. ओठ लागतो तिथं रंग नाही, नाहीतर पोटात जाते. मी माझी दोन बोटं ठेवून सहाही ग्लासांले चिकटपट्टी लावून घेतली. पट्टीच्या खाली सगळी जागा मोकळी होती. रंग वाटीत होता. अन् हात चालेना. ऊन सरकून पाठीवर आलं तरी मी कोऱ्या काचेकडे पाहत बसली होती.

हर्षानं विचारलं, काय झालं. म्हणलं, डोळ्यातून पाणी येते. डॉक्टरनं सांगतलं होतं, येईन म्हणून.

५ जानेवारी, रविवार

हर्षा, आज मधात बोलू नको. काही विचारूही नको. नुसतं लिही.

आमच्यात असं आहे. लेकीले लेकरू होत नाही तोवर मायबाप तिच्या घरी जेवत नाहीत, पाणीही पीत नाहीत. माझ्या मायनं दोन वर्षं पाळलं. सगळ्यांचं असंच दोन-तीन वर्षांत निपटते. नातू नाहीतर नात होते, अन् आजी मोठ्या कौतुकानं लेकीच्या घरचा पहिला घोट घेते. आमचं बोलणं तुटलं तोवर चारूच्या लग्नाले बारा वर्षं झाले होते, लेकरू झालं नाही. दवाखाने केले, धंतोलीतले केले, मुंबईचे केले. आम्ही वर्षातून दोनदा जायचो. बसायचो, बोलायचो, उठायचो. ती चहा आणून ठेवायची. आम्ही हात लावायचो नाही. साय धरली की ती कप उचलून आत न्यायची. बारा वर्षं ती आणायची थांबली नाही, हे पण लिही.

नऊ वर्षांआधी मे महिन्यात तिनं चांद्याले स्वतःचं घर बांधलं. वास्तूची पूजा, दीडशे माणूस. चांद्याचं मे महिन्यातलं ऊन ज्यानं पाहिलं त्याले मी काय सांगू. मी नागपूरहून माझा डबा नेला, पाण्याची बाटली नेली. आत पंगत बसली अन् मी ओसरीत बसून माझा डबा उघडला. दीडशे माणसांसमोर. मले वाटलं, लोक म्हणतीन, बाई नेमाची आहे.

चारू ग्लास घेऊन आली. "आई, आज तरी."

मी मान हलवली.

"म्हणजे मले लेकरू नाही, तर तू मरेपर्यंत माझ्या दारात तहानलेली बसशीन?"

म्हणलं, रीत आहे.

"मग येऊच नको," ती म्हणाली, अन् आत निघून गेली.

एवढं सगळ्यांले माहीत आहे. आता जे कोणालेच माहीत नाही ते सांगते. माझी बाटली बारा वाजताच संपली होती. बस पाचची. पाच घंटे मी त्या ओसरीत कोरडी बसली. थुंकी गिळता येत नव्हती. रुपराव आत गेले अन् पाणी पिऊन आले. मी ओळखलं. त्यायनं सांगतलं नाही, मी विचारलं नाही. मनात एकच होतं, चारू आणखी एकदा ग्लास घेऊन आली तर घेईन. फक्त आणखी एकदा. आतून बांगड्या वाजल्या की वाटे, आली. ती आली नाही. काहून येईन? बारा वर्षं आणून आणून ती थकली असन, अन् मी त्या एका दिवशी हिशेब धरून बसली की आज एकदाच काहून आणला.

रुपराव गेले तेव्हा आली. तीन दिवस आली. सकाळच्या बसनं यायची, संध्याकाळच्या बसनं जायची. स्वतःची बाटली घेऊन. माझ्यासमोर बसून झाकण उघडलं, प्याली, झाकण लावलं. ह्या घरचा थेंब नाही घेतला. माझ्याच पोटची आहे, कुठून शिकली ते विचारायले नको.

ज्यानं ही रीत काढली त्याले मले एक विचारायचं होतं. ज्या लेकीले लेकरू होणारच नाही, तिच्या मायनं काय करायचं बाबा? तेवढं सांगायचं राहिलं की नाही तुझ्याकडून?

ग्लास आज केले. खाली हिरवा, वर गेरू, बोटांनी गोल. पट्टी सोडवली तेव्हा वरची काच स्वच्छ निघाली.

हर्षा, नाक पूस. वहीवर टपकून राहिलं.

८ जानेवारी, बुधवार

सहा ग्लास सोमवारी गेले. आज मी जग करत होती. दोन्ही हात मनगटापर्यंत गेरूत. हर्षा फोन घेऊन गच्चीवर आली. "वरोऱ्याची बाई आहे. तुमच्याशीच बोलायचं म्हणते." अन् तिनं फोन माझ्या कानाले लावून धरला.

"त्या दिवशी तहान लागली होती?"

नाव नाही, गाव नाही. आवाज थोडा जाड झाला आहे. फोन ठेवावा तर हात भरलेले, अन् हर्षा असा दाबून धरून उभी की मान हलवता येईना.

"लागली होती," म्हणलं.

"मग मागितलं काहून नाही?"

"तू दुसऱ्यांदा आणलं काहून नाही?"

"आणलं होतं. दाराच्या आड उभी होती मी ग्लास घेऊन. तू आवाज देशीन म्हणून."

खालून भाजीवाला ओरडत गेला, मेथी, पालक, हिरवा सांभार. त्याचा आवाज गल्लीच्या टोकाले गेला तोवर माझ्या बोटांवरचा गेरू वाळायले लागला.

"बाबा प्याले होते," ती म्हणाली. "दोन ग्लास. मले म्हणे, तुझ्या आईले सांगू नको."

"माहीत आहे."

"तुले कसं माहीत?"

"मिशी ओली होती."

ती हसली. मग नाक ओढल्याचा आवाज आला.

"ये," मी म्हणलं.

"तू ये."

"माझा डोळा आत्ताच झाला."

"माझे गुडघे दुखतात."

"मग राहू दे."

"राहू दे."

फोन कोणी बंद केला माहीत नाही. जगावरचा रंग तोवर वाळून गेला होता. बोटं फिरवायची वेळ निघून गेली. ओल्या फडक्यानं सगळा पुसून काढला अन् पहिल्यापासून सुरू केला.

९ जानेवारी, गुरुवार

आज मी हर्षाले बोलून राहिली अन् हर्षाच ते लिहून राहिली. एकही शब्द गाळू नको.

पहिल्या दिवसापासून ही ह्या वहीच्या पानापानाचा फोटो काढून चांद्याले पाठवत होती. वरोरा-बिरोरा काही नाही. माझ्या तोंडचं, माझ्याच घरातून! चोरटी. घरभेदी. वर तोंड करून चहा पिते माझ्यासमोर.

"वरोराच काहून?" मी विचारलं.

"चांद्याच्या आधी तेच येतं. घाईत तेवढंच सुचलं."

"अन् हे सगळं कायले केलं?"

तिनं पेन खाली ठेवला. "थकली मी, आई. तुम्ही रोज त्यांच्याबद्दल बोलता. त्या रोज तुमच्याबद्दल विचारतात. दोघीही माझ्याचजवळ. म्हणलं, एकमेकींचं एकमेकींनाच पोचू द्यावं."

मी पेन उचलून पुन्हा तिच्या हातात दिला. मग विचारलं, "ते पाण्याचं पान पाठवलं, तेव्हा काय म्हणाली?"

"काहीच नाही. फोनवर त्या लिहितात असं दिसत होतं. खूप वेळ. मग आलं काहीच नाही."

मी हिशेब केला. माझी किटली तिच्या घरी. डबा तिच्या घरी. सहा ग्लास तिच्या घरी. मी सोडून सगळं पोचलं.

हर्षाले शिक्षा म्हणून उद्यापासून आठ दिवस सकाळचा चहा मी करणार. साखर मले पाहिजे तेवढी. तिनं तोंड वाकडं न करता प्यायचा.

१५ जानेवारी, बुधवार

चारू, हे पान तुझंच आहे. चोरून वाचायचं काम नाही. हर्षाले फोटो काढायले मीच सांगतलं.

काल संक्रांत झाली. एकावन्न बाटल्या वेळेवर गेल्या. एकीले शेवटी लेस चिकटून बसली, निघेचना, तर ती तशीच ठेवली. रामदासपेठेच्या बाईले तीच सगळ्यात आवडली. आठ दिवस मी फोनकडे पाहत होती. तू तिकडे पाहत असशीन. आपण दोघी कशा आहोत ते तुले सांगायले नको.

तुझा जग तयार आहे. कुरिअरनं पाठवत नाही. कोणी तरी तो मांडीवर घेऊन बसमध्ये बसायचं, तू का मी, ते ठरलं नाही अजून. मी उद्या येते अन् तुझ्या हातून ग्लास घेते असं सांगतलं तर ते खोटं होईन. बसच्या पायरीवर पाय अडन माझा. बारा अन् नऊ, एकवीस वर्षं हाडात गेलेली गोष्ट आहे. तुझाही राग हाडात गेला आहे, तू सोड म्हणलं तर सुटणार नाही. मीही म्हणत नाही.

पण सकाळपासून एक विचार करून राहिली. मायनं मले सांगतलं होतं, लेकीच्या घरी खाऊ नये. लेकीच्या घरून आलेलं आपल्या घरी बसून खावं की नाही, याबद्दल ती काय म्हणाली होती? मी मुद्दाम आठवून पाहिलं नाही.

तर शुक्रवारी सकाळच्या बसनं डबा पाठवजो. कंडक्टरले सांगजो, सुमंत बसस्टँडवर येऊन घेईन. कढी-गोळे कर. डाळ जाडीभरडी वाट, पीठ करू नको. ताक आंबट पाहिजे. मिरची कमी करू नको, ऑपरेशन डोळ्याचं झालं, जिभेचं नाही. कढी वेगळी बांध अन् गोळे वेगळे, नाहीतर बुटीबोरी येईपर्यंत लगदा होते. अन् डबा अर्धा पाठवू नको, हर्षालेही द्यायचं आहे मले, तिनं कमावलं आहे. मीठ आधी पाहून घेजो. एक गोळा तू खा. मग त्याच चमच्यानं डबा भर. चमचा धुऊ नको.